नोकरी सोडली आणि गणित कोलमडलं: घडी पुन्हा कशी बसवायची, कोणत्या क्रमाने

राजीनामा दिला, दुसरं काहीतरी जमेल असं वाटलं, ते जमलं नाही, आणि आता बँकेतली शिल्लक संपत आली आहे. या अवस्थेतली बहुतेक माणसं तीन गोष्टी करतात. पीएफ काढतात, दिसेल त्या जाहिरातीला बायोडेटा पाठवतात आणि घरात कुणाला काही कळू देत नाहीत. पहिल्या दोन गोष्टींची आपापली वेळ असते, पण त्या सगळ्यात आधी केल्या तर पुढचे मार्ग बंद होतात; तिसरी मात्र करूच नका. हा लेख खासगी नोकरी स्वतःहून सोडलेल्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या पगारदार माणसासाठी आहे. टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. नोकरीचा शोध सातव्या टप्प्यावर का, हे पहिला टप्पा केल्यावर कळेल.

टप्पा १: हातात किती महिने आहेत ते काढा

एका संध्याकाळचं काम आहे. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढा. अंदाजाने लिहू नका, कारण अंदाजात किरकोळ खर्च नेहमी निम्मा धरला जातो.

उदाहरण म्हणून चिंचवडला भाड्याने राहणारं चौघांचं घर घेऊ. महिन्याचा खर्च असा: भाडं १४,०००, किराणा-भाजी-दूध ९,०००, गॅस आणि वीज २,२००, शाळा आणि व्हॅन ५,५००, आईवडिलांची औषधं २,५००, गाडीचा हप्ता ३,८००, पर्सनल लोनचा हप्ता ७,४००, क्रेडिट कार्ड ३,०००, मोबाईल-इंटरनेट १,२००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक) ५,०००. एकूण ५३,६००. हाताशी बचत खात्यात ६२,०००, एफडी ८०,००० आणि कंपनीकडून येणं ३८,०००, म्हणजे १,८०,०००. भागाकार केला की साडेतीन महिनेही निघत नाहीत.

आता तीन बदल करा. एसआयपी थांबवली, किराण्यात १,००० कमी केले आणि बँकेशी बोलून पर्सनल लोनचा हप्ता २,५०० ने उतरवला, तर खर्च ४५,१०० होतो आणि तीच रक्कम चार महिने पुरते. त्यात महिना १५,००० देणारं कसलंही तात्पुरतं काम धरलं, तर जवळपास सहा महिने मिळतात. साडेतीन महिन्यांत घाईने पकडलेली नोकरी आणि सहा महिन्यांत निवडून घेतलेली नोकरी यांत फार फरक पडतो. म्हणून शोधाच्या आधी मुदत वाढवायची.

हिशोबात हे विसरू नका: वर्षातून एकदा येणारे खर्च. गाडीचा विमा, शाळेची टर्म फी, एलआयसीचा वार्षिक हप्ता, घरपट्टी, गावची जत्रा किंवा जवळचं लग्न. पुढच्या सहा महिन्यांत यातलं काय येतंय ते लिहून एकूण रकमेतून आधीच वजा करा.

इशारा: पगार येणं थांबलं की सॅलरी अकाउंटचं काही महिन्यांत साधं बचत खातं होतं आणि अनेक बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते. आपल्या बँकेचा नियम विचारा, नाहीतर शिल्लक पैशातून दंड कापला जाईल. एसआयपीसुद्धा ॲपवरून रीतसर थांबवा. खातं रिकामं ठेवून ती ‘आपोआप’ बंद पडू दिली, तर दर वेळी बाऊन्सचा आकार लागतो.

टप्पा २: घरात सांगा

ही भावनेपुरती बाब नाही. पहिल्या टप्प्यातला हिशोब एकट्याने पाळता येत नाही. बायकोला किंवा नवऱ्याला माहीतच नसेल तर किराणा कमी कसा होणार, शाळेत हप्ते पाडून मागायला कोण जाणार? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, आणि रोज डबा घेऊन बाहेर पडण्याचं नाटक करणाऱ्याचे पेट्रोलला आणि चहाला पैसे जातात ते वेगळेच.

आकडे लिहिलेला कागद घेऊन बसा. ‘काहीतरी होईल’ असं बोललात तर घरचे घाबरतात. ‘चार महिन्यांचे पैसे आहेत, सहा महिन्यांपर्यंत न्यायचे आहेत, त्यासाठी हे बंद करायचं आहे’ असं सांगितलं तर घरचेही उपाय सुचवतात. आईवडील गावाकडे असतील तर निदान दर महिन्याला पाठवायच्या रकमेबद्दल स्पष्ट बोला. मुलं दहा-बारा वर्षांपुढची असतील तर त्यांनाही थोडक्यात सांगा, कारण घरातला ताण त्यांना कळतोच.

झोप उडाली असेल, सगळं संपलं असं वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर पुढचे सगळे टप्पे थांबवा, आधी हा फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवा.

टप्पा ३: आजारपणाची सोय

कंपनीचा समूह आरोग्य विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. पुढच्या दोन महिन्यांत घरात एक ॲपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तर सगळा हिशोब वाहून जाईल.

१. अजून नोटीस पिरियडमध्ये असाल तर त्याच विमा कंपनीकडे समूह पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल लेखी विचारा. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी हे नक्की करावं, कारण जुन्या आजारांसाठी आधीच भरलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही.

२. नोकरी सोडून बरेच दिवस झाले असतील तर छोटी का होईना, कुटुंबाची पॉलिसी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

३. रेशनकार्ड बाहेर काढा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी कार्डांपुरती राहिलेली नाही, पांढरं कार्डही चालतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का आणि ती आधारशी जुळतात का, हे आत्ताच बघा. लग्नानंतर सुनेचं किंवा नव्या बाळाचं नाव चढवायचं राहून गेलेलं असतं, आणि ते दवाखान्याच्या खिडकीवर कळतं.

४. पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर कार्ड लगेच बाद झालं असं समजू नका. उपचार कधीपर्यंत मिळतील हे शाखा कार्यालयात विचारा. मात्र ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला मिळत नाही, त्यावर विसंबू नका.

टप्पा ४: कंपनीकडून कागद आणि पैसे

भांडून निघाला असाल तरी कागद मागायला लाजू नका. मागणी ईमेलवरच करा. फोनवरच्या ‘करतो, करतो’ला पुरावा नसतो. मागायचं ते हे: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, फुल अँड फायनलचा (शेवटच्या हिशोबाचा) तपशील आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याच्या तारखेची नोंद.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. तरीही अनेक ठिकाणी ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ असं सांगितलं जातं. ईमेलमध्ये नियमाचा उल्लेख नम्रपणे करा. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देता येतो.

सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीही येणं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. मूळ पगार २६,००० आणि सेवा ७ वर्षं असेल तर १,०५,००० होतात. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आयकराचं येणंही लोक विसरतात. वर्षाच्या मध्यात नोकरी सोडली तर कंपनीने पूर्ण वर्षाच्या पगाराच्या अंदाजाने टीडीएस (पगारातून आधीच कापायचा कर) कापलेला असतो. प्रत्यक्ष उत्पन्न कमी झालं, म्हणून विवरणपत्र भरलं की परतावा मिळतो. ‘यंदा उत्पन्नच नाही’ म्हणून रिटर्न न भरणारे हे पैसे सोडून देतात.

तपासणी: पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी हे सगळे कागद एका फोल्डरमध्ये आणि एक प्रत स्वतःच्या ईमेलवर आहे ना? कंपनीचा ईमेल बंद झाला की त्यातलं काही हाती लागत नाही.

टप्पा ५: हप्ता चुकण्याआधी बँकेत जा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माणसं हप्ता बाऊन्स होईपर्यंत गप्प बसतात, मग फोन उचलत नाहीत, मग वसुलीवाल्यांच्या दबावाखाली दुसरीकडून कर्ज काढून पहिलं फेडतात.

घड्याळ कसं चालतं ते आधी समजून घ्या. हप्ता चुकल्या दिवसापासून मोजणी सुरू होते आणि ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. गृहकर्जात त्यानंतर बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. बोलणी करण्यासाठी पहिले तीस दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा बँकेलाही खातं वाचवायचं असतं.

बँकेत मागायचं काय? कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करा, किंवा काही महिने फक्त व्याज भरू द्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून द्या. कॉल सेंटरवर अवलंबून न राहता शाखेत लेखी अर्ज द्या. अर्ज चार ओळींचा पुरतो: ‘माझी नोकरी अमुक तारखेपासून नाही. आजपर्यंत हप्ते नियमित भरले आहेत. पुढचे सहा महिने दरमहा इतके भरू शकेन. त्याप्रमाणे कर्जाची पुनर्रचना करून द्यावी.’ आकडा असा द्या जो पाळता येईल. मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकवलात तर पुढे कुणी ऐकत नाही.

पैसे पुरणार नसतील तर क्रम असा ठेवा: भाडं, किराणा, औषधं, वीज आणि शाळा; मग गृहकर्ज; मग ज्या वाहनावर कमाई होऊ शकते त्याचा हप्ता; मग पर्सनल लोन; शेवटी क्रेडिट कार्ड. प्रत्यक्षात जो सगळ्यात जास्त फोन करतो त्याला आधी पैसे जातात, आणि तो बहुधा यादीतला शेवटचा असतो.

कार्ड शेवटी म्हणजे ते दुर्लक्षित ठेवायचं असं नाही. नुसती ‘मिनिमम ड्यू’ (बिलावरची किमान रक्कम) भरत राहिलात तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं आणि मूळ रक्कम जागची हलत नाही. म्हणून ते हप्त्यांत बदलून घ्या आणि कार्ड कपाटात ठेवा.

इशारा, सेटलमेंटबद्दल: ‘दोन लाखांचं ऐंशी हजारांत मिटवतो’ हा फोन आला की हायसं वाटतं. पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे कर्ज मिळणं अवघड जातं. अगदी नाइलाज असेल तरच घ्या, आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

इशारा, वसुलीबद्दल: कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकत नाहीत. मात्र चेक किंवा ऑटो-डेबिट बाऊन्स झाल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून पैसे नसतील तर तारखेआधीच बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांसमोर अपमान करता येत नाही. फोन-मेसेज जपून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

नवं कर्ज घ्यायचंच झालं तर बँकेतलं किंवा चांगल्या पतसंस्थेतलं सोनेतारण हे पर्सनल लोनपेक्षा सहसा स्वस्त पडतं. एलआयसीची पॉलिसी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज बरं. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून लांब राहा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या डिजिटल कर्ज ॲपची यादी आहे, त्यात नाव नसेल तर डाउनलोडसुद्धा करू नका. जे ॲप संपर्कयादी आणि फोटो मागतं ते वसुली कशी करणार, हे तिथेच कळतं. खासगी सावकाराकडे जायची पाळी आली तर परवाना पाहा. विनापरवाना सावकारीची तक्रार २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे होते. कोरे चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही, या दोन गोष्टी कुणालाही देऊ नका.

टप्पा ६: पीएफ

पीएफ इतक्या खाली का? कारण नोकरी सुटल्यावरही त्यावर व्याज मिळत राहतं (२०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता), आणि एकदा हातात आलेली रक्कम फार लवकर विरते. टप्पा १ ते ५ करून जी तूट उरेल तेवढ्यासाठीच याला हात लावा. त्यातून ‘काहीतरी धंदा टाकू’ हा विचार तर या सहा महिन्यांत नकोच. अनुभव नसलेल्या धंद्यात म्हातारपणाची पुंजी जाताना दिसते, ती याच काळात.

१. आधी माहिती जुळवा. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) सुरू आहे का, आधार-पॅन-बँक खातं जोडलं आहे का, बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला आहे का? आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला. आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’, कंपनीने नोंदवलेलं ‘आडनाव आधी’, आणि लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत माहेरचं की सासरचं हा आणखी प्रश्न. हे न जुळता भरलेला दावा परत येतो, आणि दुरुस्तीलाच काही आठवडे जातात.

२. नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का बघा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाल्यावर तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते.

३. जुन्या कंपन्यांची खाती याच यूएएनमध्ये ट्रान्सफर करा. एकूण सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी भरली तर काढलेली रक्कम करपात्र होते आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर टीडीएस कापतात. जुनी सेवा जोडल्यावर अनेकांची पाच वर्षं पूर्ण होतात.

४. किती काढता येईल? नेटवर अजून ‘दोन महिन्यांनी सगळे पैसे’ हाच जुना नियम फिरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तो बदलण्याचा निर्णय घेतला: ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के १२ महिने बेरोजगार राहिल्यावर, आणि कंपनीच्या वर्गणीतून पेन्शन योजनेत गेलेली रक्कम ३६ महिन्यांनी. दावा भरायच्या दिवशी पोर्टलवर काय दिसतं तेच धरून चाला.

५. पेन्शनचा भाग शक्यतो मोडू नका. सेवा दहा वर्षांच्या जवळ आली असेल तर मुळीच नको, कारण दहा वर्षं भरली की मासिक पेन्शनचा हक्क मिळतो.

इशारा: पीएफ काढण्याला सरकारी शुल्क नाही. ‘दहा टक्के द्या, चार दिवसांत काढून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. पोर्टल किंवा उमंग ॲपवर जमत नसेल तर पीएफ कार्यालयातल्या मदत कक्षात जा.

टप्पा ७: आधी तात्पुरती कमाई, तिच्या जोडीला शोध

आठवड्याचे तास आधीच वाटून घ्या. सकाळ शोधासाठी आणि मुलाखतींसाठी मोकळी, दुपार-संध्याकाळ कमाईला. जुलैच्या सुमाराला करसल्लागारांकडे, गणपतीपासून दिवाळीपर्यंत दुकानं, गोदामं आणि कुरिअरवाल्यांकडे माणसं लागतात. शिकवण्या, दोन छोट्या दुकानांचे हिशोब लिहिणं, जुन्या कंपनीच्या पुरवठादाराकडे अर्धवेळ काम, काहीही चालेल. अट एकच, आधी पैसे गुंतवावे लागणारं काम नको. दिवाळीचा फराळ करून विकायचा असेल तर घरातल्या शेगडीवर सुरू करा, ओव्हन आणि पॅकिंग मशीन पुढच्या वर्षी.

शोधात रोज पन्नास अर्ज करण्यापेक्षा रोज दोन ओळखीच्या माणसांशी बोला. जुने सहकारी, आता दुसरीकडे गेलेले वरिष्ठ, ज्यांच्याशी कामाचा संबंध आला ते ग्राहक. ‘काही असेल तर सांगा’ असं म्हटलं की कुणाला काही आठवत नाही. ‘तुमच्याकडे खरेदी विभागात जागा आहे का, माझा सॅपवर सहा वर्षांचा अनुभव आहे’ असं सांगितलं तर समोरचा कुणाचं तरी नाव देऊ शकतो. राज्याच्या महास्वयम् आणि केंद्राच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर नाव नोंदवा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते.

‘नोकरी का सोडली?’ हा प्रश्न येणारच. उत्तर दोन वाक्यांचं ठेवा: ‘स्वतःचं काम उभं करून पाहिलं, ते आर्थिकदृष्ट्या जमलं नाही. आता पुन्हा पूर्णवेळ नोकरी करायची आहे आणि या काळात मी अमुक शिकलो.’ आधीच्या साहेबाबद्दल वाईट बोलू नका. नोकरीच्या तारखाही ओढूनताणून लावू नका, पीएफच्या नोंदीतून त्या उघड होतात.

इशारा: नोंदणी फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपची अनामत, टेलिग्रामवरचं ‘टास्क’ काम, यांत गरजू माणूसच सापडतो. पैसे गेले तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.

टप्पा ८: पहिला पगार आल्यावर

नव्या कंपनीत जुनाच यूएएन द्या आणि आयकरासाठी आधीच्या कंपनीचं उत्पन्नही कळवा, नाहीतर मार्चमध्ये कर एकदम अंगावर येतो. पहिल्या पगारातून थकलेलं भाडं आणि शाळेची फी. दुसऱ्या-तिसऱ्यातून नातेवाइकांचे आणि मित्रांचे उसने पैसे, थोडे थोडे का होईना, पण न मागता. सोनं पुन्हा गरज पडली तर उपयोगी येणारं आहे, ते सोडवून आणा. मग कार्ड. खर्च निदान सहा महिने टप्पा १ मधल्या कमी केलेल्या आकड्यावरच ठेवा, आणि तीन महिन्यांचा खर्च एफडीत जमेपर्यंत एसआयपी पुन्हा सुरू करायची घाई नको.

मधल्या काळात स्वतःची आरोग्य पॉलिसी घेतली असेल, तर नव्या कंपनीचा विमा मिळाला म्हणून ती बंद करू नका. निदान परिवीक्षा काळ संपून नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत तिचा हप्ता भरत राहा.